औषध दुकानांचं सॉफ्टवेअर: एकरकमी विकू की दरवर्षी पैसे घेऊ?

प्रश्न
नमस्कार मंडळी. मी मिरजेत एकटाच काम करतो. इथल्या एका होलसेल औषधवाल्यांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करून दिलं. बॅच, एक्स्पायरी, जीएसटी, सगळं आहे. 60 हजार ठरले होते, ते मिळाले. आता आणखी काही दुकानदार मागतायत, पण म्हणतात, "तयारच आहे ना? कॉपी करून द्यायला काय लागतं? पाच हजार घे." आणि पहिली पार्टी म्हणते की कोड आमचा, दुसऱ्याला विकायचा नाही. लेखी काहीच नाही. काय करू?

उत्तर 1
पाच हजारात देऊन टाक भावा. आधी गिऱ्हाईक जोड, भाव नंतर वाढव.

उत्तर 2
पाच हजारात देऊ नका. सोलापुरात मी वर्षानुवर्षं हाच धंदा करतोय. पाचाने सुरू झालेली पार्टी पुढच्या वर्षी दोन हजार द्यायलाही कुरकुरते, फोन मात्र रात्री दहालाही करते.

कॉपीला खर्च नाही हे खरंच आहे. खर्च पुढे लागतो. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले आणि 22 तारखेपासून लागू. बहुतेक औषधं 12 वरून 5 टक्क्यांवर आली. दुकानात माल जुन्या एमआरपीचा, बिल नव्या दराने. त्यात ऑगस्टमध्ये विकलेला माल ऑक्टोबरमध्ये परत आला, तर त्याची क्रेडिट नोट (परतीचं बिल) मूळ बिलाप्रमाणे 12 टक्क्यांनीच काढायची. ज्यांनी टॅक्सचा दर आयटम मास्टरलाच, म्हणजे मालाच्या मूळ यादीतच, चिकटवला होता, त्यांच्याकडे परतीचा हिशोब चुकायला लागला. दर तारखेप्रमाणे ठेवला असेल तर एक ओळ भरली की झालं. हे काम त्या एकोणीस दिवसांत कोणीतरी बसून करावंच लागतं, आणि दुकानदार पैसे देतो ते त्या माणसासाठी.

म्हणून लायसन्स एकदा आणि एएमसी (देखभालीचे पैसे) दरवर्षी, असे दोन वेगळे आकडे सांगा. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचंही तसंच आहे: लायसन्स एकदा घेतलं तरी नवे अपडेट हवे असतील तर टीएसएस, म्हणजे त्यांची अपडेटची वर्गणी, रिन्यू करावी लागते. मी एएमसी लायसन्सच्या 20 टक्के धरतो आणि पहिल्या बिलावरच छापतो.

आता लायसन्सचा भाव. तुम्ही किती तास घातले याच्याशी दुकानदाराला देणंघेणं नाही. त्याला विचारा, मागच्या वर्षी मुदतीत परत न गेल्यामुळे किती रुपयांचा माल एक्स्पायरीत बुडाला? कंपनी ठरलेल्या मुदतीतच परत घेते, मुदत हुकली की तोटा त्याच्या अंगावर. तुमची शॉर्ट एक्स्पायरीची, म्हणजे मुदत संपत आलेल्या मालाची, यादी महिन्याच्या महिन्याला निघत असेल, तर तीच त्याच्यासमोर काढून दाखवा. तो आकडा त्याच्याच तोंडून आला की घासाघीस आपोआप कमी होते. एका काउंटरच्या मेडिकलला आणि चार काउंटरच्या होलसेलरला एकच भाव लावू नका.

उत्तर 3
हक्कांबद्दल सांगतो. तुम्ही पहिल्या पार्टीचे पगारी नोकर नव्हता. कॉपीराइट कायदा 1957, कलम 17 प्रमाणे अशा वेळी पहिला मालक लिहिणाराच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम 19 प्रमाणे लेखी आणि तुमच्या सहीनेच द्यावे लागतात. तोंडी बोलण्याने कोड त्यांचा होत नाही. त्यांचा डेटा मात्र त्यांचाच, रेट आणि पार्ट्यांची यादी दुसरीकडे जाता कामा नये. एकदा वकिलाला विचाराच.

प्रश्नकर्ता
खूप आभार. पण टॅक्सचा दर मी आयटमलाच जोडलाय, ते आधी सुटं करतो. पहिल्या पार्टीला नाराज करायचं नाहीये, त्यांनीच मला उभं केलं. त्यांना कसं सांगू?

उत्तर 2
समोर बसून सांगा, फोनवर नको. तुम्ही दुसऱ्यांना विकूच नये असं त्यांना हवं असेल तर त्या बंदीचा वेगळा भाव लावा, निदान चार दुकानांच्या लायसन्सएवढा. नसेल परवडत, तर त्यांना दोन वर्षं एएमसी माफ करा आणि दुसऱ्यांना विकायला त्यांची हरकत नाही, तेवढं लिहून घ्या. बहुतेक जण दुसरं घेतात.