रंगवलेला फोटो ही पळवाट नव्हे

फोटोवर रंग चढवला की ते धड फोटोही राहत नाही आणि धड चित्रही होत नाही, ती नुसती पळवाट, असं काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. उदयपूरचं काम बघा. वास्वो एक्स. वास्वो हे मूळचे अमेरिकन छायाचित्रकार. स्टुडिओत रंगवलेल्या पडद्यासमोर माणसांना उभं करून त्यांनी डिजिटल फोटो काढले आणि त्यांचे कृष्णधवल प्रिंट राजेश सोनी यांनी हाताने रंगवले. सोनींचे आजोबा प्रभुलाल हे मेवाडच्या दरबाराचे छायाचित्रकार, फोटो रंगवणारेही. म्हणजे हात घरातूनच तयार झालेला!

या कामात खरी कसोटी पातळ रंगाची असते. गालावरची सावली फोटोतच असते, ती रंगाखालून दिसत राहायला हवी. रंग जरा घट्ट झाला की चेहरा सपाट पडतो आणि माणूस हरवतो. कुठे थांबायचं हे कॅमेरा सांगत नाही, ते चित्रकारालाच ठरवावं लागतं.

जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची वाट अगदी उलटी. घरगुती छोटे फोटो तो रंग पसरवायच्या रुंद पट्टीवर उरलेल्या ओल्या तैलरंगातून ओढायचा. कधी चेहराच झाकला जायचा. मला ते ताकदीचं वाटतं, पण जीव सोनींच्या कामावर जास्त जडतो, कारण तिथे समोरच्या माणसाला जपलेलं दिसतं.

असा प्रिंट कुठे प्रदर्शनात लागला तर जवळ जाऊन, तिरक्या उजेडात नक्की बघा. मोबाइलवर रंगाचा थर कळतच नाही.