वर्कबेंचच्या टॉपला काय लावू, तेल की पॉलियुरेथेन?

पटाशीवाला:
तीन महिने सुट्टीच्या दिवशी खपून शेवटी वर्कबेंच उभं केलं. टॉप बीच लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलाय, जाडी साधारण ६० मिमी, लांबी पावणेदोन मीटर. रंधा मारून अगदी सपाट करून घेतलाय आणि आता त्याला हात लावायलाच भीती वाटतेय, कारण काल नुसता चहाचा कप ठेवला तर गोल डाग उमटला. घरात पॉलियुरेथेनचा (कडक थर देणाऱ्या व्हार्निशचा) अर्धा डबा पडलाय, दाराला मारलेलं त्यातलं उरलेलं, ते चकचकीत आणि कडक होतं म्हणून तेच मारावं असं वाटतंय, पण एका ओळखीच्या सुतारांनी सांगितलं की बेंचला फक्त तेल पाज. काम मुख्यतः लाकडाचंच, रंधा, पटाशी, ग्लू-अप (तुकडे ग्लूने चिकटवणं) वगैरे, पण अधूनमधून सायकलही बेंचवरच खोलतो, म्हणजे ग्रीस येणारच. काय करू? एकदाच करायचंय, नीट करायचंय.

भुसाभर:
सुतार बरोबर सांगतायत. पॉलियुरेथेनचा लाकडावर पापुद्रा बसतो. दारावर तो छान राहतो कारण दारावर कोणी हातोडी मारत नाही. बेंचवर तुम्ही पटाशीने खाचा मारणार, कधी हातोडी निसटणार, तिथे लाकूड दबतं, वरचा पापुद्रा तडकतो आणि मग त्या भेगेतून ओल आत जाऊन कडेने पोपडे सुटायला लागतात. आणि पोपडे सुटलेला भाग तेवढाच दुरुस्त करता येत नाही, अख्खा टॉप घासावा लागतो. शिवाय चकचकीत टॉप निसरडा होतो, रंधा मारताना फळी सरकते, त्याने जीव मेटाकुटीला येतो.

माझ्या बेंचला डबल बॉईल्ड जवसाचं तेल आहे, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात ते. कच्चं जवस तेल घेऊ नका, ते वाळायला कित्येक आठवडे घेतं. बॉईल्डमध्ये लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे एक हात एक-दोन दिवसात वाळतो. १२० किंवा १५० नंबरच्या पॉलिश पेपरवर थांबा, त्यापुढे घासून आरसा करण्यात अर्थ नाही. भरपूर तेल ओता, पंधरा-वीस मिनिटं लाकडाला पिऊ द्या आणि मग वर राहिलेलं सगळं पुसून काढा, एक थेंब ठेवू नका, नाहीतर चिकट थर बसतो, तो महिना महिना वाळत नाही आणि सगळा भुसा त्यात अडकतो. असे तीन हात. पुढे वर्षा-दोन वर्षांनी टॉप मळला की रंध्याचा एक हलका हात मारायचा आणि परत तेल. बस.

गाठीचं लाकूड:
तेलाची बाजू पटते पण एक गोष्ट सांगायला हवी, नुसतं जवस तेल म्हणजे फार संरक्षण नाही. पाणी सांडून थोडा वेळ राहिलं तर डाग पडतो आणि सायकलचं काळं ग्रीस तर थेट रेषांमध्ये शिरतं, मी अनुभव घेतलाय, तो डाग चार वर्षं झाली तरी आहे. मी नंतर मधला रस्ता काढला. एक भाग तेल, एक भाग तेलातलं व्हार्निश (तुमचं पॉलियुरेथेन तेलातलं असेल तर तेही चालतं, पाण्यातलं असेल तर ते तेलात मिसळणार नाही), एक भाग टर्पेंटाइन. डबा हलवायचा, फडक्याने लावायचं, वरचं पुसायचं, तेलासारखंच. व्हार्निश लाकडाच्या आत बसतं, वर पापुद्रा धरत नाही, आणि नुसत्या तेलापेक्षा डाग नक्कीच कमी पडतात. तुमचा अर्धा डबाही सत्कारणी लागेल, फक्त वर साय धरली असेल तर गाळून घ्या, आणि डबा खूप जुना असेल तर आधी टाकाऊ तुकड्यावर वाळतंय का बघा.

ग्रीससाठी माझं स्पष्ट मत, कुठलंही फिनिश पुरणार नाही. सायकल खोलायची तेव्हा वर हार्डबोर्डचा किंवा पातळ प्लायचा तुकडा टाका, खराब झाला की बदला.

शिकंजा:
वर दोघांनीही तेलात भिजलेल्या फडक्याबद्दल लिहिलं नाही म्हणून मुद्दाम लिहितोय आणि कृपया हे वाचाच. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं की ती उष्णता आतच कोंडते, वाढत जाते आणि काही तासात काडी न लावता फडकं पेटू शकतं. माझ्या वर्कशॉपमध्ये संध्याकाळी कचऱ्याच्या बादलीतून धूर यायला लागला होता, मी निघायच्या आधी दिसला म्हणून वाचलं, अजूनही ते आठवलं की पोटात गोळा येतो. फडकं बाहेर एकेरी पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, घडी नको, ढीग नको. नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. तेल-व्हार्निशच्या मिश्रणालाही हेच लागू आहे.

दुसरं, टॉपच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात मारा आणि दोन्ही टोकांना तर जास्तच, तिथून लाकूड सगळ्यात जास्त ओल घेतं. फक्त वरून बंद केलं तर दोन बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात-सोडतात आणि फळीला बाक येऊ शकतो.

पटाशीवाला:
सगळ्यांचे मनापासून आभार, फडक्याचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी खरंच बादलीत टाकलं असतं. डबा बघितला, तेलातलंच आहे, म्हणजे मिश्रण करतो. एकच शंका, वरून मेण चोळलं तर सांडलेला ग्लू सुटेल ना सहज?

भुसाभर:
सुटेल, पण मेणाने टॉप परत निसरडा होतो आणि ते तुमच्या कामाच्या तुकड्यालाही लागतं, मग त्या तुकड्यावर पॉलिश धरत नाही. चोळायचंच तर अगदी पातळ, जिथे ग्लू-अप करता तेवढ्याच भागावर. पण मिश्रण पूर्ण वाळल्यावर वाळलेला ग्लू बहुतेक वेळा स्क्रॅपरने तसाही निघतो, आधी ते करून बघा. आणि सिलिकॉनवाला फर्निचर स्प्रे मात्र बेंचच्या आसपासही आणू नका, तो लाकडाला लागला की पुढच्या प्रत्येक पॉलिशला खड्डे पडतात.