जुनी औषधे मोडीत काढण्याची एवढी घाई कशासाठी?

वैनतेय : 'हृदयाची लय बिघडली की अ‍ॅब्लेशन (लय बिघडवणारा हृदयाचा भाग नळीवाटे निकामी करणे) करावे, डिगॉक्सिन, क्विनिडीन आणि अमिओडॅरोन या जुन्या औषधांचे दिवस संपले' हे कालच्या लेखातले विधान वाचून राहवले नाही. इंग्रज डॉक्टर विदरिंग यांनी डिजिटॅलिसवर, म्हणजे डिगॉक्सिन ज्या वनस्पतीतून मिळते तिच्यावर, १७८५ साली लिहिले म्हणून ते औषध टाकाऊ ठरत नाही. २०२० च्या रेट-एएफ चाचणीत कायमस्वरूपी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित लय) असलेल्या साठीपुढच्या रुग्णांना डिगॉक्सिन किंवा बिसोप्रोलोल (ठोके मंदावणारे दुसरे औषध) देण्यात आले, तेव्हा सहा महिन्यांनी जीवनमानात फरक आढळला नाही आणि दुष्परिणाम डिगॉक्सिनच्या गटातच कमी होते. ब्रुगाडा सिंड्रोम या लय अचानक बिघडवणाऱ्या आनुवंशिक विकारात क्विनिडीन आजही उपयोगी पडते.

कावेरी : त्या चाचणीत रुग्ण अवघे १६० होते, हे आपण गाळलेत. कॅस्ट चाचणीही आठवा : हृदयविकाराच्या झटक्यानंतर फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या लय सुधारणाऱ्या औषधांनी जादा ठोके दबले, पण मृत्यू वाढले. माझ्या मावशीला अमिओडॅरोन सुरू होऊन दोन वर्षे झाली, तरी थायरॉइड तपासायला कोणी सांगितले नाही. तिचा आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, भर उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसू लागली; ही थायरॉइड मंदावल्याची लक्षणे असूनही 'वय झाले' म्हणून तिची बोळवण झाली.

वैनतेय : मावशींबद्दल वाईट वाटते, पण हा दोष औषधाचा नसून देणाऱ्याचा आहे. एका अनुभवावरून सरसकट निकाल देणे अन्यायाचे आहे.

कावेरी : ज्याच्या घरात ते घडते, त्याला 'एक अनुभव' म्हणून हिणवू नका.

निशिगंध : दोष औषधाचाही आहेच. अमिओडॅरोनच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असते, आणि गोळी बंद केल्यावरही ते कित्येक आठवडे शरीरातून जात नाही. म्हणूनच थायरॉइड आणि यकृताच्या तपासण्या साधारण दर सहा महिन्यांनी कराव्या लागतात. सोबत डिगॉक्सिन असेल तर त्याची रक्तातली पातळी चढते, त्यामुळे मात्रा निम्म्यावर आणतात. मात्र आयोडीन वगळून बनवलेले नवे ड्रोनेडॅरोनही कायमस्वरूपी फिब्रिलेशनमध्ये घातक ठरले आणि २०११ मध्ये त्याची पॅलस चाचणी मध्येच थांबवावी लागली. नव्याचा भरवसा धरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.

कावेरी : डिगॉक्सिनपुरते मान्य करते, तेही मूत्रपिंडाचे काम तपासून मात्रा ठरवली असेल तरच. अमिओडॅरोन लिहून देणाऱ्याने मात्र पुढच्या रक्ततपासणीची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहिली पाहिजे. मावशीच्या चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या एकीवरही ती नाही.