मदत हवी आहे : अभंगाच्या आवाजात शिरलेला टाळ

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळाचं देवळात रेकॉर्डिंग केलंय. गायक, पेटी, पखवाज आणि टाळ, प्रत्येकाला वेगळा माइक, पण सगळे एकत्रच बसलेले, त्यामुळे गायकाच्या माइकमध्येही टाळ शिरलाय. मिक्सिंगचं सॉफ्टवेअर रीपर. गायकाच्या चॅनलवर इन्सर्टमध्ये (थेट आवाजाच्या वाटेत) कॉम्प्रेसर, म्हणजे मोठा आवाज दाबून चढउतार कमी करणारा इफेक्ट, लावला की दोन ओळींच्या मधे टाळ अंगावर येतो.

कॉम्प्रेसरच्या आधी गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावून पाहिला. ओळीच्या शेवटी विरत जाणारा स्वर तुटतो, आणि अभंगात तर तोच जपायचा असतो. कॉम्प्रेसरचा रेशो (दाबण्याचं प्रमाण) ४:१ वरून २:१ केला, थोडाच फरक पडला. ईक्यूनं (इक्वलायझरनं) ६ किलोहर्ट्झच्या वरच्या फ्रिक्वेन्सी कमी केल्या तर शब्द मंद होतात. टाळाच्या चॅनलवरून गायकाच्या ट्रॅकच्या ३/४ चॅनलवर सेंड (आवाजाची प्रत) देऊन रीआकॉम्पला (रीपरमधल्या कॉम्प्रेसरला) साइडचेनही केलं, म्हणजे टाळ वाजला की तो दाबेल असं, पण मग गायकाचा सगळा आवाजच दबतो.

मंडळी वारीला निघालीत, त्यामुळे पुन्हा रेकॉर्डिंग नाही. विकतचे प्लगिन परवडणार नाहीत. रीपरमधले किंवा मोफत चालतील. रिव्हर्ब (घुमण्याचा इफेक्ट) वेगळ्या सेंडवर आहे, तो बंद ठेवूनही त्रास तसाच.

टाळ वाजेल तेव्हा गायकाच्या चॅनलची फक्त वरच्या फ्रिक्वेन्सींची पट्टी दबेल असं साइडचेन कसं जोडायचं, आणि त्यासाठीचा इफेक्ट आधीपासून लावलेल्या कॉम्प्रेसरच्या आधी ठेवू की नंतर?