मदत हवी: आईला २ नंबर प्लॅटफॉर्मवर कसं न्यायचं? गाडी शुक्रवारी!

चिडलेली_लेक: आईला शुक्रवारी मुंबईला न्यायचंय. जिना तिला अजिबात जमत नाही. गाडी २ नंबरवर येते, लिफ्ट नाही. काय करू? रेल्वेच्या १३९ ला फोन करून झालाय, ते सांगू नका.

रूळवेडा: स्टेशन कुठलं? गाडी किती वेळ थांबते? आई थोडं तरी चालतात का?

पंचमी: लोअर बर्थ कोटा घ्या. बायकांना ४५ पासून मिळतो. पण एकाच तिकिटावर तुमचं वय त्याखाली असेल तर नाही मिळत.

चिडलेली_लेक: तिकीट झालंय हो, बर्थ खालचाच आहे. अडलंय ते जिन्यापाशी! स्टेशन छोटं, गाडी दोन मिनिटं थांबते. चार पावलं चालते, धरून.

नाना_निवृत्त: मार्च २०२० पासून ज्येष्ठांची सवलत बंद. बायकांना ५० टक्के होती, आम्हाला ४०. त्यावर कोणी बोलत नाही.

रूळवेडा: नाना, वेगळा धागा काढा. ताई, प्लॅटफॉर्मच्या टोकाला सामानाच्या ढकलगाडीसाठी रूळ ओलांडायची वाट आहे का बघा. स्टेशन मास्तरांना आधी भेटा, ते माणूस देतील तरच तिथून न्या. परस्पर गेलात तर रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं.

बाराखडी: भलते सल्ले नकोत. वडिलांना असंच नेलं होतं मी. स्टेशनातल्या चाकांच्या खुर्चीला पाय ठेवायच्या पट्ट्याच नव्हत्या, उपरण्याने पाय बांधले. मधोमध पुढची चाकं रुळाच्या खाचेत अडकली. हमालाने खुर्ची उलटी फिरवली, मोठी चाकं आधी काढली, तेव्हा सुटलो. त्यापेक्षा लिफ्ट असलेल्या जंक्शनवरून चढा, बोर्डिंग (तिकिटावरचं चढायचं स्टेशन) बदलून.

रूळवेडा: म्हणजे आधी जंक्शनपर्यंत तासभर मोटारीत हाडं खिळखिळी करायची?

मनमौजी: दिव्यांग डब्यात चढा. वेळ कमी पडला तर साखळी ओढायची, हाय काय नाय काय.

पंचमी: कलम १४१. हजार रुपये दंड, नाहीतर वर्षभर आत.

चिडलेली_लेक: दिव्यांगाचं कार्ड नाही. नुसतं वय आहे, ७४.

बाराखडी: मग तो डबा चालणार नाही. मुंबईत उतरणार कुठे?

चिडलेली_लेक: दादर.

रूळवेडा: हे आधी सांगायचं ना! गाडी सीएसएमटीला जात असेल तर टीसीकडून तिकीट वाढवून घ्या. तिथे रूळच संपतात, सगळे प्लॅटफॉर्म टोकाला जोडलेले, जिना न चढता बाहेर. गाडीही तिथेच संपते, सावकाश उतरवा.

चिडलेली_लेक: हे बरंय. मास्तरांना आत्ताच भेटून आले. "गाडी १ नंबरवर घेता येते का बघतो, पण समोरून मालगाडी असते," म्हणाले. शब्द काही दिला नाही. बोर्डिंग बदलू का थांबू?

बाराखडी: बदला. पण मग इथून चढता येणार नाही, हे लक्षात ठेवा.

रूळवेडा: थांबा. गुरुवारी परत भेटा, आईंना सोबत घेऊन. समोर माणूस दिसला की फरक पडतो.

पंचमी: बर्थ नक्की लोअरच आहे ना? साइड लोअर नाही?