मदत हवी आहे : नेरूळमध्ये फोनवर नंबर लावून घेणारे फॅमिली डॉक्टर

नमस्कार मंडळी,
आई ७४ वर्षांची, मधुमेह आणि बीपी दोन्ही. आम्ही नेरूळ पूर्वेला राहतो. तिच्या नेहमीच्या दवाखान्यात आता अपॉइंटमेंट फक्त अ‍ॅपवरून मिळते. सकाळी आठला नंबर सुरू होतात आणि ओटीपी येईपर्यंत भरून जातात. फोन केला तर 'अ‍ॅपवरच बघा' एवढंच उत्तर. मी त्या वेळी लोकलमध्ये असते, आणि आईला ते अ‍ॅप जमत नाही. पूर्वी कंपाउंडर वहीत नाव लिहून घ्यायचे, आईला पुरेसं होतं ते.

एचबीएवनसीचा रिपोर्ट येऊन पडलाय. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर त्यात कळते, आणि ती वाढलेली आहे. गोळ्यांचा डोस डॉक्टरांनी बघूनच ठरवायला हवा, मला मनाने काही बदलायचं नाही.

नेरूळ-सीवूड्स भागात फोनवर नंबर घेणारे, म्हाताऱ्या माणसाचं शांतपणे ऐकणारे एमडी मेडिसिन कुणाला माहीत आहेत का? संध्याकाळची वेळ असेल तर उत्तम. जिना नको, तिचे गुडघे दुखतात.

शिवाय महापालिकेच्या नेरूळच्या मीनाताई ठाकरे रुग्णालयात हल्ली कुणी गेलंय का? आईचा आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) काढलेला आहे. क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन तिथे मिळतं की रांगेतच उभं राहावं लागतं? सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, पण ते अ‍ॅडमिट झाल्यावरच्या खर्चासाठी, ओपीडीला उपयोगाचं नाही.

स्वतःचा अनुभव असेल तर प्लीज लिहा.