घर स्वस्त म्हणजे शहर स्वस्त का? मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर

गोदाकाठ

घराच्या हप्त्यापायी आयुष्याची वीस वर्षं बँकेला बांधून देणारी माणसं आजूबाजूला बघतोय, म्हणून हा धागा. माझं मत सरळ आहे. मुंबईत राहणं ज्यांना नोकरीमुळे भागच नाही, त्यांनी आधी नाशिक, नागपूर, कोल्हापूर बघावं, मग पुणे, आणि मुंबई अगदी शेवटी.

सिमेंट, सळई, टाइल्स, गवंड्याची मजुरी यात शहरागणिक जमीन-अस्मानाचा फरक नसतो. किमतीतली खरी तफावत जमिनीची आणि वाढीव एफएसआयसाठी (म्हणजे प्लॉटवर जास्त बांधकाम करू द्यावं म्हणून) भराव्या लागणाऱ्या प्रीमियमची. म्हणजे मुंबईत जास्त पैसे मोजून जास्त चांगलं घर मिळतं असं नाही. तेच घर मिळतं, आणि बहुतेक वेळा लहान.

साडेआठ टक्के व्याजानं वीस वर्षांचं कर्ज घेतलं तर लाखाला महिना साधारण 868 रुपये हप्ता बसतो. 40 लाखांना 34,700 आणि 90 लाखांना 78,100. मधला 43 हजारांचा फरक म्हणजे कित्येक घरांत एका माणसाचा अख्खा पगार.

नाईट फ्रँक या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या 2024 च्या घर-परवडण्याच्या निर्देशांकात मुंबईत कुटुंबाच्या उत्पन्नातला निम्मा वाटा हप्त्यात जातो, पुण्यात 23 टक्के. त्या आठ शहरांच्या यादीत महाराष्ट्रातली ही दोनच शहरं. नाशिक-नागपूर त्यात नाहीतच, त्यामुळे चर्चाही कायम या दोघांभोवतीच फिरते.

जीएसटीचंही बघा. बांधकाम चालू असलेलं घर 45 लाखांच्या आत असेल तर 1 टक्का, नाहीतर 5 टक्के. ही मर्यादा 2019 पासून सगळ्या देशाला एकच. मुंबई महानगर प्रदेशात त्यासाठी कार्पेट, म्हणजे घरातलं वापरायचं क्षेत्रफळ, 60 चौरस मीटरच्या आत हवं, नाशिकला 90 पर्यंत चालतं. नाशिकच्या पाथर्डी फाट्याला, आडगावला या मर्यादेत दोन बेडरूमचं घर अजून बसतं. अंधेरीत बसवून दाखवा.

ठाकुर्ली फास्ट

गोदाकाठ, तुमच्या हिशेबात हप्ता आहे, पण पगार एकाचाच आहे. आमच्या घरात दोन पगार आहेत आणि माझा पगार मुंबईबाहेर पडला की संपतो.

मी जहाज आणि मालवाहतुकीच्या विम्याचे दावे बघते. हे काम फोर्टात आहे, बीकेसीत आहे. नाशिकला मी काय करणार? तिथे विम्याच्या शाखा आहेत, पण त्या गाडीच्या आणि आरोग्याच्या पॉलिसी विकतात. नवऱ्याची बदली नाशिकला झाली असती तर त्याचा पगार तसाच राहिला असता, माझा शून्य झाला असता. मग तुमचे वाचलेले 43 हजार कुठे गेले?

आमच्या नात्यात हे दोन घरांत झालंय. "तिकडे घर केवढं मोठं आहे" म्हणून गेले, आणि दोन्हीकडे नोकरी सुटली ती बाईचीच. मोठ्या घरात ती आता शिकवण्या घेते. हे कुठल्याच निर्देशांकात येत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

दुसरं, लोकलचा पास. मुंबईत गाडी न घेता अख्खी नोकरी करता येते. नाशिकला, पुण्याला दोघांच्या दोन दुचाक्या तरी लागतातच, पुढे मुलांची एक. पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हे सगळं त्या मोठ्या घराच्या बिलात धरा.

मुळामुठा

पुण्याला मधल्या पायरीवर बसवलंत, पण पुणं एक नाही. कोथरूड-कर्वेनगरात राहणाऱ्याचा खर्च वेगळा आणि वाघोली-उंड्रीचा वेगळा. परवडणारं पुणं म्हणजे आता कडेचं पुणं, आणि तिथे पाणी टँकरनं येतं.

आमच्या सोसायटीत फेब्रुवारी सरला की नोटीस बोर्डावर टँकरचा तक्ता लागतो: तारीख, गाडी नंबर, किती लिटर, वॉचमनची सही. महिनाअखेरीस सेक्रेटरी त्याची बेरीज करतात आणि फ्लॅटच्या संख्येनं भागतात. एका मीटिंगमध्ये तळमजल्यावरचे आजोबा उभे राहिले. "आम्ही दोघंच, पाच माणसांच्या घराएवढं का भरायचं?" यावर तासभर वाद झाला, निकाल नाही. ही रक्कम फ्लॅट घेताना कुठल्याच बिल्डरच्या कोटेशनमध्ये नसते. बँकही ती बघत नाही.

स्वतः राहणाऱ्यांना मिळकतकरात मिळणारी 40 टक्के सवलत 2023 मध्ये परत आली, तेवढा दिलासा आहे. मुंबईत मात्र 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला 2022 पासून हा करच माफ आहे. त्यामुळे "महाग शहरात सगळंच महाग" हेही सरसकट खरं नाही.

शहागंज

संभाजीनगरचं नाव कुणीच घेतलं नाही. घर इथेही स्वस्त आहे. पैठणचा नाथसागर (जायकवाडी धरण) भरलेला असला, तरी नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येतं आणि वर्षानुवर्षे हेच चाललंय. पाण्याच्या दिवशी घरातलं एक माणूस कामावर जात नाही. हा खर्च रुपयांत मांडा आणि मग स्वस्त म्हणा.

वऱ्हाडी माणूस

मी गोदाकाठच्या बाजूनं. नागपुरात मी घरून निघतो तो अर्ध्या तासात टेबलावर असतो. संध्याकाळी मुलीला बॅडमिंटनला मीच सोडतो. ठाकुर्लीताई, तुमचा मुद्दा खोडत नाही, पण रोज लोकलमध्ये जाणारे तासही पगारातून वजा व्हायला हवेत.

दोन गोष्टी मात्र नागपूरकरांनी लपवू नयेत. एक, उन्हाळा. एप्रिलपासून कूलर, मे महिन्यात कूलरनं भागत नाही, मग एसी. महावितरणचे टप्पे असे आहेत की युनिट वाढले की वरच्या युनिटचा दरही वाढतो. त्यामुळे मे-जूनचं बिल हिवाळ्याच्या कितीतरी पट येतं. दोन, मुद्रांक शुल्क. मुंबईत 6 टक्के आणि नागपुरात, पुण्यात 7 टक्के. मेट्रोचा अधिभार तिन्हीकडे आहे, आमच्याकडे स्थानिक संस्थेचा आणखी एक टक्का. 50 लाखांच्या घरावर मुंबईकरापेक्षा नागपूरकर 50 हजार जास्त भरतो, हे किती जणांना माहीत आहे? घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट मिळते, ती जरूर घ्या.

बदलीपात्र

केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे राज्यातल्या बऱ्याच शहरांत भाड्यानं राहिलो. सरकारनं ही तुलना केव्हाच करून ठेवलीय, आणि ती चुकीची आहे.

घरभाडे भत्त्यात मुंबई आणि पुणे एकाच एक्स वर्गात. नागपूर, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर सगळी वाय वर्गात. सातव्या वेतन आयोगात महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यावर एक्सला मूळ पगाराच्या 30 टक्के आणि वायला 20 टक्के झाले. मूळ पगार 50 हजार असेल तर 15 हजार आणि 10 हजार. 15 हजारांत पुण्याच्या कडेला कसंतरी जमतं, मुंबईत दूर उपनगरात जावं लागतं. उलट 10 हजारांत सोलापुरात ऐसपैस राहता येतं, नाशिकच्या गंगापूर रोडला नाही. हे वर्ग मुख्यतः लोकसंख्येवर ठरतात, भाड्यावर नाही.

म्हणून माझा गोदाकाठना प्रश्न. घरच का घ्यायचं? नोकरी पाच वर्षांत शहर बदलते, कर्ज वीस वर्षं जागचं हलत नाही.

गोदाकाठ

बदलीपात्र, भाड्यानं राहायला हरकत नाही, पण आपल्याकडे करार अकरा महिन्यांचा असतो. मुलांची शाळा अकरा महिन्यांची नसते. घरमालकानं "मुलाचं लग्न ठरलंय" म्हटलं की सामान बांधायचं. भाडेकरूला पाच-सात वर्षांची खात्री देणारे करार रूढ झाले तर मीच लोकांना घर घेऊ नका म्हणेन.

ठाकुर्ली फास्ट, तुमचं उत्तर या धाग्यातलं सगळ्यात वजनदार आहे. पण त्यातून मी उलटा निष्कर्ष काढतो. बाईची नोकरी मुंबईबाहेर संपते, हा दोष नाशिकच्या घरांचा नाही. सातपूर-अंबडला कारखाने आले तेव्हा एका पिढीला इथे घर घेता आलं. कार्यालयातली कामं मात्र मुंबई-पुण्याबाहेर पडलीच नाहीत. घरांच्या योजना निघतात तेवढ्या आग्रहानं कार्यालयं बाहेर आणा म्हणून कुणी भांडत नाही. ज्यांचं काम खरंच घरून चालतं, त्यांनी तरी मुंबईच्या किमतीला का बळी पडावं?

ठाकुर्ली फास्ट

कार्यालयं येतील तेव्हा येतील, हप्ता पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपासून सुरू होतो. घरून काम म्हणाल तर आमच्याकडे ते एका ईमेलनं सुरू झालं आणि एका ईमेलनं बंद झालं. त्या भरवशावर नाशिकला घर घेतलेला आमचा एक सहकारी आता पंचवटी एक्स्प्रेसचा पासधारक आहे. नाशिकरोड ते सीएसएमटी, जाऊन-येऊन सात तासांच्या आसपास. त्याचं घर आमच्यापेक्षा मोठं आहे. मुलगा मात्र त्याला फक्त रविवारी जागा दिसतो.

तुम्ही कुणालाही सल्ला देताना आधी एवढंच विचारा: घरातल्या दुसऱ्या माणसाला त्या शहरात तिच्या शिक्षणाचं काम आहे का, आणि पहिली नोकरी सुटली तर दुसरी त्याच शहरात मिळेल का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर नाशिकच घ्या, मी स्वतः सामान बांधायला येईन.

मुळामुठा

यात तिसरा प्रश्न माझा: मे महिन्यात त्या सोसायटीत जाऊन वॉचमनला विचारा, टँकर किती येतात.